नेमकं कुठल्या सेकंदाला खटकलं?

रोजच्या राजकीय बातम्यांचा पॉडकास्ट म्हटलं की सकाळी नऊच्या आत फोनवर दोन निरोप ठरलेले. एकात असतं, "भाऊ, सरकारची आरती अजून किती दिवस ओवाळणार?" दुसऱ्यात, "रोज उठून सरकारले शिव्या द्याचे किती पैसे भेटते बे?" भाग एकच, मिनिटं तीच, आवाजही तोच. मग चमूतलं कुणीतरी चहाचा घोट घेत तो नेहमीचा निष्कर्ष काढतं: दोन्हीकडून शिव्या पडतायत, म्हणजे आपण बरोबर मधोमध आहोत.

निष्कर्ष दिलासा देणारा आहे, पण खोटा आहे. दोन्ही बाजू चिडल्या यावरून एवढंच कळतं की दोन्ही बाजूंची माणसं ऐकतात. चौदा मिनिटांच्या भागात तिसऱ्या मिनिटाला एका पक्षाचं नाव चुकीचं घेतलं आणि नवव्या मिनिटाला दुसऱ्या पक्षाच्या नेत्याच्या तोंडी त्याने न वापरलेला शब्द घातला, तर दोघांच्याही तक्रारी खऱ्या असतात. त्या एकमेकींना खोडत नाहीत. चुका दोन होतात, इतकंच.

या विषयावर जुना आणि गाजलेला अभ्यास आहे, १९८५ चा. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या व्हॅलोन, रॉस आणि लेपर या तिघांनी १९८२ च्या बेरूतमधल्या हत्याकांडाच्या टीव्ही बातम्या इस्रायलच्या बाजूच्या आणि अरबांच्या बाजूच्या विद्यार्थ्यांना दाखवल्या. बातम्या त्याच होत्या. दोन्ही गटांना त्या आपल्याविरुद्ध झुकलेल्या वाटल्या, आणि तटस्थ माणसाचं मतही या बातम्या पाहून आपल्याविरुद्ध जाईल असं दोघांनाही वाटलं. त्यातली सगळ्यात बोचरी गोष्ट पुढे आहे: ज्यांना विषयाची माहिती जास्त होती, त्यांना कलही जास्त दिसला. म्हणजे "अडाणी लोक आहेत, काहीही लिहितात" हे म्हणायची सोय उरत नाही. पण हा अभ्यास बातमी देणाऱ्याला निर्दोष असल्याचा दाखलाही देत नाही. पक्षपाताचा नुसता आरोप हा पुरावा नव्हे, एवढंच तो सांगतो. पुरावा शोधायचा तर भागातच शोधावा लागतो, आणि त्यासाठी श्रोत्याकडून एकच गोष्ट मागायची असते: मिनिट आणि सेकंद.

नागपुरात तर ही सवय लावून घेतल्याशिवाय गत्यंतर नाही. महाल भागात संघाचं मुख्यालय, आणि त्याच शहरात १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेची दीक्षाभूमी. केंद्रातले मंत्री इथले खासदार, मुख्यमंत्री दक्षिण-पश्चिमचे आमदार. एका घरात तीन पक्षांचे मतदार असणं इथे नवलाचं नाही. त्यात खासगी एफएम वाहिन्यांना स्वतःच्या राजकीय बातम्या देता येत नाहीत, फार तर आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावता येतात. त्यामुळे कानाने राजकारण ऐकायचं तर एकीकडे आकाशवाणी आणि दुसरीकडे पॉडकास्ट. आकाशवाणीचं नागपूर केंद्र १९४८ पासूनचं. साठीच्या पुढच्या श्रोत्याचा कान त्या निवेदनावर घडलेला असतो. "तुमचा निवेदक आगाऊ आहे" असं तो लिहितो तेव्हा निवेदक आगाऊ असेलच असं नाही. तो गप्पांच्या सुरात बोलत असतो, आणि बातम्यांचा तो सूर या कानाच्या ओळखीचा नसतो.

"नेमकं कुठे खटकलं? मिनिट सांगता आलं तर बरं होईल." चिडलेल्या निरोपाला पहिलं उत्तर एवढंच द्यायचं. "आपल्या मताचा आदर आहे" वगैरे काही लिहायचं नाही. त्याने माणूस आणखी चिडतो. पुष्कळ जण पुढे बोलत नाहीत. जे बोलतात त्यांची तक्रार बघता बघता लहान होत जाते. "तुम्ही विकले गेलात" पासून सुरू झालेलं प्रकरण "तुम्ही अमक्याला नुसतं आडनावाने बोलता आणि तमक्याला साहेब म्हणता" इथे येऊन थांबतं. आता याचं काहीतरी करता येतं.

नावांचा घोळ महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत फार वाढला. निवडणूक आयोगाने १७ फेब्रुवारी २०२३ ला शिवसेना हे नाव आणि धनुष्यबाण एकनाथ शिंदे यांच्या पक्षाला दिलं, आणि ६ फेब्रुवारी २०२४ ला राष्ट्रवादी काँग्रेस आणि घड्याळ अजित पवार यांच्या पक्षाला. त्यानंतरही सवयीने "शिंदे गट" म्हणणारा निवेदक एका श्रोत्याला खोडसाळ वाटतो; नुसतं "शिवसेना" म्हणणारा दुसऱ्याला. दोघांचीही बाजू समजण्यासारखी आहे. यावर तोडगा एकच, नियम कागदावर लिहून ठेवायचा: पहिल्या उल्लेखाला आयोगाकडे नोंदलेलं पूर्ण नाव, म्हणजे शिवसेना, आणि शिवसेना उद्धव बाळासाहेब ठाकरे, पुढे गोंधळ होणार असेल तिथे नेत्याच्या नावाने ओळख. "गट" हा शब्द दोघांनाही नाही. एकदा नियम ठरला की तक्रार आल्यावर वाद घालावा लागत नाही, नियम दाखवता येतो. आणि नियम मोडलेला निघाला तर चूक मान्य करता येते.

आदरार्थी बहुवचनाचंही तसंच. साहेब, दादा, भाऊ, ताई ही सगळी बिरुदं संहितेतून काढून टाकावीत. नागपुरात भाऊ म्हणणं हा साधा शिष्टाचार आहे, पानठेल्यावरचा अनोळखी माणूसही भाऊच असतो, पण निवेदकाने एकाला नितीनभाऊ आणि दुसऱ्याला नुसतं आडनाव म्हटलं की तराजू हललाच. सगळ्यांना पद, पूर्ण नाव, मग आडनाव आणि "यांनी". आरोपी असला तरी "ते". मराठीत "तो म्हणाला" म्हटलं की निकाल लागून जातो, न्यायालयाचं काम उरतच नाही.

क्रियापदांवर माझा विशेष राग आहे. एक नेता "म्हणाले", दुसरा "दावा केला", तिसऱ्याने "कबूल केलं", चौथ्याने "ठणकावलं". संहिता लिहिणाऱ्याला वाटतं तो भाषेत वैविध्य आणतोय. ऐकणाऱ्याला वाटतं पहिला खरं बोलतोय, दुसरा थापा मारतोय, तिसरा चोर आहे आणि चौथा शूर. "टोला लगावला", "हल्लाबोल", "सणसणीत चपराक" हे तर वर्तमानपत्री मथळ्यांचे उरलेसुरले तुकडे. कानाला ते निवेदकाचंच मत वाटतं. "म्हणाले" हा शब्द एका भागात तीस वेळा आला तरी कुणीही श्रोता तक्रार करत नाही. "दावा" तेव्हाच वापरावा जेव्हा समोर त्याच्याविरुद्ध जाणारी नोंद आहे आणि ती लगेच पुढच्या वाक्यात आपण देणार आहोत.

मिनिटं मोजण्याबद्दल थोडं सावधपणे. "त्यांना चार मिनिटं, आम्हाला दीड" ही तक्रार स्टॉपवॉच लावून तपासता येते आणि तपासावीच. पण रोजच्या रोज समान मिनिटं देणं हा न्याय नव्हे; ज्या दिवशी एकाच बाजूला बातमी घडली त्या दिवशी तीच बाजू जास्त वाजणार. हिशोब महिन्याचा काढावा. आणि फक्त मिनिटं मोजू नयेत, आवाज मोजावेत. नेत्याच्या स्वतःच्या आवाजातला २५ सेकंदांचा बाइट निवेदकाने सांगितलेल्या दीड मिनिटापेक्षा जड पडतो. एका पक्षाचा प्रवक्ता लगेच फोनवर बोलतो, दुसऱ्याचा संध्याकाळी सातनंतर उचलतच नाही. आपण उपलब्ध आवाज वापरतो आणि नकळत रोज एकाच बाजूचा गळा ऐकवतो. महिन्याच्या तक्त्यात हे लख्ख दिसतं, रोजच्या धावपळीत दिसत नाही.

मग उरतो सूर. छापील मजकुरात न दिसणारी आणि मायक्रोफोनमधून आरपार जाणारी गोष्ट. एखादं निवेदन वाचण्याआधी निवेदकाने सोडलेला श्वास इअरफोनमध्ये उसासा वाटतो. ओठ किंचित हसरे झाले की स्वर बदलतो, आणि श्रोता लिहितो, "हसून काऊन राहिले तुमी?" तपासणारा म्हणतो, कुठे हसलाय? रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं तर सापडतं, पण नेहमीच्या वेगाने नाही. बरेच श्रोते दीडपट वेगाने ऐकतात. त्या वेगात तटस्थपणासाठी सोडलेली जागा नाहीशी होते, आणि सौम्य तिरकसपणा सरळ टोमणा होतो. प्रसारणाआधीची शेवटची ऐकणी दीडपट वेगाने करावी ही शिफारस विचित्र वाटेल, पण सुरावरच्या बऱ्याच तक्रारी तिथेच पकडता येतात.

दोन बातम्यांमधली जागाही अशीच फसवी. छाप्याची बातमी संपली आणि अर्ध्या सेकंदात एखाद्या नेत्याच्या दौऱ्याची सुरू झाली, तर कानात त्या दोन्ही जोडल्या जातात. छापा कुणावर पडला हे नीट सांगितलेलं असूनही श्रोता शपथेवर सांगेल की तुम्ही त्या नेत्याचं नाव छाप्यात घेतलं. तो खोटं बोलत नसतो, त्याने तसंच ऐकलेलं असतं. दोन असंबंधित बातम्यांमध्ये सव्वा ते दीड सेकंदाची शांतता किंवा छोटी धून ठेवावी, आणि पुढच्या बातमीची सुरुवात गावाच्या नावाने करावी.

गावांची नावं हा तर स्वतंत्र धडा. नागपूर जिल्ह्यात विधानसभेच्या बारा जागा, सहा शहरात आणि सहा ग्रामीण भागात. "नागपूर पश्चिम" आणि "नागपूर दक्षिण-पश्चिम" यांची गफलत झाली की आमदारच बदलतो, आणि दहा मिनिटांत सात व्हॉइस नोट येतात. रामटेक लोकसभेचा आणि विधानसभेचा असा दोनदा येतो, तेव्हा कुठला रामटेक ते दरवेळी सांगावं लागतं. या तक्रारी सोन्यासारख्या समजाव्यात. त्यात विचारसरणी नसते, कुणी कुणाला विकलं गेलेलं नसतं, आणि दुरुस्ती एका वाक्यात होते. भाषेवरच्या तक्रारी मात्र दोन दिशांनी येतात. पुण्याचा श्रोता म्हणतो, निवेदक "जाऊन राहिले" असं कसं म्हणतो, हे काय मराठी झालं? काटोलचा म्हणतो, निवेदक पुणेरी बोलतो, आपल्या घरचा वाटत नाही. बातमीच्या वाक्यात प्रमाण मराठी आणि बातमीदाराच्या घटनास्थळावरच्या बोलण्यात त्याची स्वतःची बोली, असा मध्यम मार्ग बहुतेक ठिकाणी चालतो. मला विचाराल तर बातमीदाराची वऱ्हाडी-नागपुरी मुळीच घासून पुसून गुळगुळीत करू नये. तीच तर इथली ओळख.

आवाजाच्या तक्रारी कंटाळवाण्या वाटतात म्हणून बाजूला पडतात, आणि हे चूक आहे. "काही समजलं नाही" या शब्दांत येणारी निम्मी नाराजी राजकारणाची नसून आवाजाची असते. श्रोता वर्धा रोडवर दुचाकीवर आहे, किंवा स्वयंपाकघरात फोन ओट्यावर ठेवून कुकरच्या शिट्टीशी झगडतोय. ॲपलची शिफारस आहे उणे १६ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणारा सरासरी आवाज मोजायचं एकक) आसपास आवाज, एखादा अंश इकडेतिकडे, आणि शिखर उणे १ डेसिबलच्या वर जाऊ नये. फाइल मोनो असेल तर उणे १९ धरतात. आकडा साधला तरी एक घोटाळा उरतो. निवेदक मोठा आणि फोनवरचा बाइट बारीक असला तर सरासरी बरोबर येते आणि श्रोता दर मिनिटाला आवाजाची बटणं दाबत बसतो. म्हणून प्रत्येक बाइट आधी वेगळा समतल करायचा, मग एकत्र मिक्स. मागचं संगीत निवेदकाच्या आवाजापेक्षा किमान १८ ते २० डेसिबल खाली. बातमीत आकडे किंवा नावं असतील तिथे संगीत बंदच.

बातमीदाराने विधानभवनाच्या पायऱ्यांवरून घेतलेला आवाज व्हॉट्सॲपच्या व्हॉइस नोटने पाठवला की तो दाबून बारीक झालेला येतो. तोच फोनच्या रेकॉर्डरमध्ये घेऊन "डॉक्युमेंट" म्हणून पाठवला तर मूळ फाइल जशीच्या तशी पोचते. एवढा एक बदल केला तरी "बाइट ऐकू येत नाही" या तक्रारी अंगावर येणं थांबतं. आणि उन्हाळ्यात एक खास नागपुरी तक्रार येते: "मागे पाऊस पडून राहिला का?" पाऊस नसतो, कूलर असतो. मोटारीची घरघर ८० हर्ट्झखालचं कापून थोडी कमी होते, पण कूलरचा वाऱ्याचा सूं आवाज माणसाच्या बोलण्याच्याच पट्ट्यात पसरलेला असतो. तो काढायला गेलं की निवेदक पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखा वाटतो. मे महिन्यात पाच-सहा मिनिटांचे तुकडे करून, तेवढा वेळ कूलर बंद ठेवून रेकॉर्ड करणं आणि मध्ये घाम पुसणं, याला दुसरा उपाय नाही.

"भाग लांब होतो" हे मत तर कधीच शब्दशः घेऊ नये. यूट्यूब स्टुडिओ आणि स्पॉटिफाय दोन्हीकडे श्रोते कुठे गळले याचा आलेख मिळतो. समजा भाग १८ मिनिटांचा आहे आणि मोठी घसरण पहिल्या ५० सेकंदांतच दिसतेय. तर लांबी हा रोगच नव्हे. सुरुवातीची धून, स्वागत, प्रायोजक, "सबस्क्राइब करा", आणि मग आज काय काय ऐकणार त्याची यादी, यात माणूस कंटाळला आणि "लांब आहे" म्हणून मोकळा झाला. पहिली बातमी विसाव्या सेकंदाच्या आत सुरू करून पंधरवडाभर तक्रार कमी होते का ते पाहावं, मग लांबीला हात लावावा. घसरण अकराव्या मिनिटाला असेल तर मात्र तिसरी-चौथी बातमी तपासायची. ती बहुधा मुंबईतल्या बैठकांवरच्या अंदाजांची असते.

डाउनलोडचा आकडा हे मत नव्हेच. एक मिनिटाएवढा आवाज उतरला की बहुतेक मोजणीत तो एक डाउनलोड धरला जातो, माणसाने ऐकला की नाही ते त्यात नाही. २०२३ मध्ये ॲपलने आयओएस १७ आणलं आणि न ऐकलेल्या कार्यक्रमांचे भाग आपोआप उतरणं कमी केलं, तेव्हा जगभरच्या पॉडकास्टचे आकडे पडले. त्या दिवसांत ज्यांनी पडलेल्या आकड्याचं खापर एखाद्या संपादकीय भूमिकेवर फोडलं, ते सावल्यांशी लढत होते. ताऱ्यांच्या रेटिंगबद्दल तर बोलायलाच नको. पाच तारे देणारा भक्त आणि एक तारा देणारा शत्रू, मधले कुणी तिथे फिरकत नाहीत.

मधले कुठे आहेत, हा खरा प्रश्न. ऑनलाइन समूहांबद्दल जेकब नील्सनने २००६ मध्ये मांडलेला ठोकताळा प्रसिद्ध आहे: शंभरातले नव्वद नुसते वाचतात-ऐकतात, नऊ अधूनमधून बोलतात, एक सतत बोलतो. पॉडकास्टला मत कळवायचं तर फोन खिशातून काढायचा, ॲप बदलायचं, टाइप करायचं. म्हणजे बोलणारे त्याहूनही कमीच. मग आपण ज्याला "श्रोत्यांचं मत" म्हणतो ते त्या एकाचं असतं. गप्प बसलेल्यांना गाठायला जावं लागतं, आणि त्यांना "आवडतं का?" असं विचारायचं नसतं, कारण तोंडावर सगळेच हो म्हणतात. विचारायचं, "काल कुठे बंद केलं? त्या वेळी काय करत होता?" पाच मिनिटांचं बोलणं पुरतं.

अशा बोलण्यातून जे हाती येतं ते निरोपांमध्ये कधीच येत नाही. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या पोरांना आपण दिलेल्या राजकीय रंगात काडीचा रस नसतो. त्यांना कलम, तारीख, समितीचं नाव हवं असतं, आणि ते वर्णनात लिहून दिलं तर आणखी बरं. कळमना बाजारातला व्यापारी पहिल्या चार मिनिटांनंतर बंद करतो, कारण सोयाबीनच्या आयातशुल्काची बातमी आपण राजकारणाच्या खाली ढकललेली असते. त्याच्या लेखी तेच राजकारण आहे. हिंगण्याच्या एमआयडीसीत पहिल्या पाळीला जाणारा कामगार सकाळचा भाग संध्याकाळी ऐकतो, त्यामुळे "आज सकाळी" हा शब्द त्याला गोंधळात टाकतो. तारीख आणि वार उच्चारावा.

वेळेचं भान तर राजकीय पॉडकास्टला सगळ्यात महागात पडतं. २३ नोव्हेंबर २०१९ ची सकाळ महाराष्ट्रात कोण विसरेल? वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर उद्धव ठाकरे यांच्या नेतृत्वावर एकमत झाल्याची बातमी, आणि आठच्या सुमारास राजभवनात देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार यांचा शपथविधी उरकलेला. छापलेल्या पानावर निदान तारीख असते. रात्री रेकॉर्ड झालेला आणि पहाटे सहाला आपोआप प्रसारित झालेला भाग मात्र श्रोत्याच्या कानात "आत्ता" बोलत असतो, म्हणून "तुम्हाला माहीतच नाही का?" ही चीड रास्त आहे. भागाच्या पहिल्याच वाक्यात "ही माहिती रात्री साडेदहापर्यंतची" असं सांगावं, आणि सकाळी सहा ते आठ कुणीतरी जागं राहून गरज पडली तर दीड मिनिटाचा ताजा तुकडा वेगळा टाकावा. घाईघाईत मूळ भाग उपटून टाकला तर "लपवलं" ही नवी तक्रार जन्माला येते.

आता नोंदवहीबद्दल. साधी एक्सेलची शीट पुरते. तारीख, भाग क्रमांक, मिनिट-सेकंद, मत कुठून आलं, त्याच्याच शब्दांत म्हणणं, प्रकार, आपण काय केलं, उत्तर दिलं का. "त्याच्याच शब्दांत" हा रकाना आळसाने गाळला जातो आणि तिथेच सगळं बिघडतं, कारण आपण लिहितो "पक्षपाताचा आरोप" आणि श्रोत्याने लिहिलेलं असतं "आमच्या साहेबांचं भाषण मधेच कापलं". दुसऱ्या वाक्यावरून एडिट तपासता येतो, पहिल्यावरून फक्त कपाळाला हात लावता येतो. निरोप मोजू नयेत, माणसं मोजावीत. रोज तीन निरोप धाडणारे चार उत्साही मिळून जनमत होत नाही. दर आठवड्याला वीस मतं दोघांनी वेगवेगळी, एकमेकांची न बघता वर्गवारीत घालावीत आणि मग ताडून पाहावीत. जिथे दोघांचं जुळत नाही तिथे बहुधा वाचणाऱ्याचा स्वतःचा राजकीय कल डोकावत असतो. चमूत सगळे एकाच मताचे असतील तर हे ताडून पाहणं निव्वळ नाटक ठरतं, हेही सांगून ठेवतो.

ठरवून पाठवलेले निरोप ओळखायला फार हुशारी लागत नाही. मजकूर तोच, आणि शुद्धलेखनाची चूकही तीच. "जाहिर निषेध" मधली ऱ्हस्व हि चाळीस जणांनी एकाच सकाळी आपापल्या मनाने लिहिली असं होत नाही. शीटमध्ये अशांची एकच ओळ करायची, आकडा शेजारी लिहायचा आणि तरीही त्यातला मुद्दा तपासायचा, कारण पढवलेला माणूसही कधीकधी खरी चूक दाखवून जातो.

चूक निघालीच तर दुरुस्ती कुठे करायची यावर मोठा गैरसमज आहे. होस्टिंगवर ऑडिओची फाइल बदलता येते. फीडमधली, म्हणजे ॲप ज्या यादीवरून भाग उचलतात त्यातली, भागाची मूळ ओळख (जीयूआयडी) तशीच ठेवावी, नाहीतर तोच भाग दोनदा दिसतो. पण ज्यांच्या फोनवर जुनी फाइल उतरून बसली आहे त्यांच्याकडे ती तशीच राहते. यूट्यूबवर तर त्याच दुव्यावर नवी फाइल चढवताच येत नाही. फार तर चुकीचा तुकडा कापता येतो आणि खाली कमेंट पिन करता येते. त्यामुळे वर्णनात लिहिणं, कमेंट पिन करणं हे सगळं करूनही दुसऱ्या दिवशीच्या भागात तोंडाने सांगावंच लागतं. शेवटी, धून वाजत असताना, भरभर नव्हे. चूक पहिल्या बातमीत होती तर दुरुस्ती पहिल्या बातमीआधी, त्याच वेगात: काल आम्ही असं सांगितलं, ते चुकीचं होतं, बरोबर असं आहे. चूक पुन्हा रंगवून सांगायची नाही. अर्धवट ऐकणाऱ्याला तेवढीच लक्षात राहते.

मतदानाच्या काळात कमेंटवरही पहारा लागतो. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२६ मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांबद्दल आहे आणि १२६-क मतदानोत्तर चाचण्यांबद्दल. शेवटच्या टप्प्याचं मतदान संपून अर्धा तास होईपर्यंत त्या प्रसिद्ध करता येत नाहीत. "आमच्या बूथवर तर अमुकच चाललं" अशी व्हॉइस नोट त्या दिवशी कितीही रसाळ असली तरी भागात घ्यायची नाही. इतर दिवशीही श्रोत्याचा आवाज वापरण्याआधी त्याला विचारायचं, आणि नाव घ्यायचं की नाही हे वेगळं विचारायचं. बायका पुष्कळदा आवाजाला हो म्हणतात आणि नावाला नाही. सरकारी नोकरदार दोन्हीला नाही म्हणतात, मग मुद्दा निवेदकाने आपल्या शब्दांत मांडायचा.

या सगळ्याची कसोटी लागते डिसेंबरात. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात विधिमंडळाचं वर्षातून निदान एक अधिवेशन नागपुरात घ्यायचं ठरलं. ते आता आठवडाभरात आटोपतं, २०२० आणि २०२१ मध्ये तर नागपुरात झालंच नाही, मुंबईत झालं. अधिवेशन शहरात असताना मतांचा सूर एकदम बदलतो. पक्षपाताच्या तक्रारी मागे पडतात आणि एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी येतो: विदर्भाचं काय झालं? मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटला अडवलेला मोर्चा, यशवंत स्टेडियमजवळच्या धरण्यातली अंगणवाडी सेविका, बत्तीस दिवसांपासून उपोषणाला बसलेला शिक्षक, या सगळ्यांना आपण सभागृहातल्या शाब्दिक चकमकीनंतर चाळीस सेकंद देतो. श्रोता तेवढं बरोबर मोजतो.

त्या आठवड्यासाठी शीटमध्ये आणखी तीन रकाने वाढवावेत: सभागृहातल्या घोषणाबाजीला किती सेकंद, विदर्भाशी संबंधित लक्षवेधी आणि तारांकित प्रश्नांना किती, आणि सभागृहाबाहेरच्या मोर्चांना किती. बेरीज रोज रात्री करावी, कारण आठवडा संपल्यावर करून उपयोग नसतो. बुधवारी तिसरा रकाना रिकामा दिसला तर गुरुवारी सकाळी बातमीदाराला विधानभवनाऐवजी टी-पॉइंटवर पाठवता येतं. आणि शेवटच्या दिवशीच्या भागात ही तिन्ही आकड्यांची बेरीज आपणहून वाचून दाखवावी, कमी भरली असली तरी. त्यावर जे निरोप येतील त्यांच्यासाठी शनिवारची सकाळ मोकळी ठेवावी. ते बहुतेक लांब असतात, आणि त्यात मिनिट-सेकंद न मागताच लिहिलेले असतात.